धारूरची हवा

आमच्या सुंदरला खोकला लागला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त वाईट मला वाटलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. तो तिला लागला आणि मला लागला नाही, याचं मला वाईट वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली. अक्षरं गिरवायला शिकले तीच मुळी साठी उलटल्यावर, सुनेकडून, तेव्हा एकूण उशीरच झाला म्हणायचा. आता बसलेच आहे तर आडपडदा न ठेवता लिहिते. सुंदर माझी थोरली बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नाव सुंदर, दिसायलाही तशीच, आणि केस तर असे की माय वेणी घालायला बसली की उठायचं नाव घेत नसे. माझं नाव रखमा. माझे केस माय दोन मिनिटांत आवळून मोकळी व्हायची. लहानपणी माणूस असल्याच गोष्टी मोजत बसतं, आणि मी तर जरा जास्तच मोजत होते.

आम्ही बीडला राहायचो, बिंदुसरेच्या काठाकडच्या एका गल्लीत. मूळचे आम्ही वडवणीच्या बाजूचे, कुणबी. पण वडिलांचं मन बैलांपेक्षा यंत्रात जास्त. आमच्या गल्लीमागे कापसातून सरकी वेगळी काढायची गिरणी सुरू झाली, तिला सगळे जिन म्हणत, ते पाहायला म्हणून वडील बीडला आले आणि तिथेच आगवाले म्हणून लागले. बायलरमध्ये लाकडं घालायची, आग नरम पडू द्यायची नाही, हे त्यांचं काम. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. घरी येत तेव्हा डोळे आणि दात तेवढे ओळखीचे असत, बाकी सगळं काळं. माय त्यांना अंगणातच अडवायची, पाणी ओतायची, आणि मग दादा हळूहळू काळ्यातून बाहेर येत. मला ते बघायला आवडायचं. पण डोळ्यांतलं साबणाचं पाणी पुसून झालं की त्यांचा पहिला शब्द ठरलेला असे, "सुंदर कुठं हाय?"

जिन चालायचं ते दसऱ्यापासून होळीच्या पुढेपर्यंत. पहाटे भोंगा व्हायचा, की गल्लीतली कोंबडी आणि माणसं एकदमच उठायची. मग दिवसभर ती घरघर, इतकी की जिन मध्येच थांबलं तर आम्ही दचकून बाहेर यायचो. मला कळायला लागलं तेव्हा एकच धुराडं होतं, आणि गावातले लोक ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. दोन वर्षांनी कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस आला, त्याचं दुसरं धुराडं उभं राहिलं. मग सरकीचं तेल काढायचा घाणा, म्हणजे तिसरं. थंडीत धूर वर जायचाच नाही. सकाळी दार उघडलं की तो उंबऱ्याशी येऊन बसलेला असायचा. आम्ही धुणं नदीवर वाळवायला लागलो, तर तिकडेही काळे ठिपके. तुळशीची पानं माय रोज फडक्याने पुसायची, आणि वर रुईचे तंतू चिकटायचे ते वेगळेच. एकदा गल्लीतली चार माणसं दादांना न सांगता एका कचेरीत गाऱ्हाणं घेऊन गेली. राज्य निजामाचं, अर्ज उर्दूत लिहून घ्यावा लागला. तिथल्या कारकुनाने तो वाचला, खिडकीतून आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "धुवाँ तो उप्पर जाता, तुम्हारे घर में कायकू आता?" चौघंही अर्ज घेऊन परतले. येताना बाजारातून पेरू घेऊन आले. आज मी औरंगाबादेत मुलाकडे राहते, खिडकीखाली दिवसभर रिक्षा उभ्या असतात, नातू खोकतो आणि डॉक्टर म्हणतात धुळीची अ‍ॅलर्जी आहे. तेव्हा मला तो कारकून हटकून आठवतो.

माय आणि सुंदर जिनात कापूस निवडायला जायच्या. पालापाचोळा, किडकी बोंडं, डागाळलेला कापूस बाजूला काढायचा. बायकांची मोठी ओळ बसायची आणि गाणी म्हणत काम चालायचं. मला मात्र नेत नसत. मी दहा वर्षांची, आणि भाकरी मला सुंदरपेक्षा चांगली यायची. एवढं एकच मला तिच्यापेक्षा चांगलं यायचं, आणि त्यानेच मला चुलीशी बांधून घातलं. पऱ्हाट्या पेटवायच्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं. ती भडभड जळतात आणि धूर असा करतात की डोळे मिटून भाकरी उलटावी लागते. संध्याकाळी दोघी यायच्या. सुंदरच्या केसांवर, पापण्यांवर, ओठांवरच्या लवेवर पांढरी रुई. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, लेकीवर चांदणं पडलंय. आणि मी त्याच अंगणात काळं तोंड घेऊन उभी असायची, पण माझ्यावर काय पडलंय ते कोणी म्हणायचं नाही.

जिनातून सुटताना मुकादम प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. नरड्यात गेलेली रुई गुळाबरोबर पोटात उतरते, अशी सगळ्यांची खात्री होती. अजूनही गिरण्यांतून लोक गूळ खातात असं ऐकते. सुंदर आपल्या खड्यातला अर्धा मला आणून द्यायची. मी तो खायची आणि मनात म्हणायची, अर्धाच कावून? पुढे मुकादम बघत नसला की ती सगळाच खडा ओच्यात बांधून आणायला लागली. तोही मी खाल्ला. याचा मला आज जितका राग येतो तितका तेव्हा एकदाही आला नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी जिन बंद असायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीभर एक गंमत व्हायची, आम्ही तिला गंमतच म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी बरी असलेली माणसं कामावर जाऊन आली की छाती धरून बसायची. दम लागायचा, अंग कसकसायचं, ताप यायचा. मग आठवडा सरकेल तसं थोडं हलकं पडायचं, आणि पुढच्या बाजारानंतर पुन्हा तेच. सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला होता, की हे बाजारातल्या भज्यांमुळे होतं. माय आम्हांला भजी खाऊ द्यायची नाही. सुंदरने तर भज्यांकडे बघायचंही सोडलं होतं, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त दम तिलाच लागायचा. एक दिवस रुईला विश्रांती दिली की दुसऱ्या दिवशी ती दुप्पट जोराने छाती धरते, हे मला एका डॉक्टरने फार पुढे सांगितलं. आम्ही भज्यांना बोल लावत राहिलो.

सुंदरचा खोकला तिसऱ्या हंगामात बसला तो उठलाच नाही. आणि मग तिचे लाड सुरू झाले. शेजारच्या शेळीचं दूध हळद घालून तिला. गोधडी दुहेरी तिला. दादा आंघोळ करून आले की तिला टेकायला स्वतःची पाठ द्यायचे, पाठीला पाठ लावून दोघं बसायची, म्हणजे तिला दम घ्यायला बरं पडायचं. मी समोर भाकरी थापत असायची. एकदा मी मुद्दाम खोकले, चांगलं जोरात. दादा म्हणाले, "रखमे, जाळ कमी कर, धूर झालाय." माझ्या डोक्यात असा जाळ झाला की तव्यावरची भाकरी मी हाताने चेपून जाळली. ती जळकी भाकरी मलाच खावी लागली, ते जाऊ द्या.

हकीमसाहेबांना दाखवलं. म्हातारे, भले गृहस्थ. त्यांनी सुंदरच्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग दादांना म्हणाले, "मियाँ, दवा मैं देतूँ, मगर ये हवा में दवा क्या करती? बच्ची कू पहाडाँ में भेजो. चार महिने." पहाड म्हटलं की आम्हांला धारूर. तिथे दादांची धाकटी बहीण दिलेली होती, किल्ल्याच्या पायथ्याशी, म्हशीवाल्यांच्या घरात. आत्याला निरोप गेला.

आत्या आली ती कार्तिकात कपिलधारची जत्रा करून, छकड्यातून, सीताफळांची पाटी घेऊन. आली ती बोलतच. "काय गं वैनी, गावात शिरले तर वाटलं कुणाचं घर जळतंय! आन् तुमी खुशाल बसलाव!" रात्रीच्या जेवणाआधीच तिने सांगून टाकलं, की दोघींतली एकच नेता येईल. तिची सासू खाष्ट. आजारी भाची आणते म्हणून एकीची परवानगी काढली होती, तीही सासूच्या पायावर डोकं ठेवून. मग सीताफळ फोडता फोडता तिचं म्हशीपुराण सुरू झालं. कोणती म्हैस आजारी, कोणती नुसतीच आळशी, हे ती कसं ओळखते ते सांगू लागली. "नाकातून पांढरं आलं तर सर्दी हाय, चार दिसांत जातंय. काळं आलं की समजायचं, आत फोफशात बसलं. मंग ती म्हैस पयली उचलायची." सुंदर खोकत होती, आणि चुलीच्या धुराने मीही. आम्हां दोघींकडे आळीपाळीने बघून ती म्हणाली, "ह्या दोघीबी खोकतात की. सकाळी बघते मी, कुणाची छाती जास्त गेली ती." मायने सांगून पाहिलं, की हकिमाने सुंदरचं नाव काढलंय. आत्या म्हणाली, "हकिमाला म्हशी ठावं हायत का?"

दुसरा दिवस नेमका बाजाराचा. जिन बंद, त्यामुळे सुंदरची छाती त्यातल्या त्यात मोकळी. ती सकाळी चक्क हसत होती, आत्याच्या बांगड्या फिरवून बघत होती. मी चुलीमागच्या कोनाड्याशी गेले. तिथे दिवा असायचा आणि वरच्या दगडावर काजळी धरलेली असायची. बोटाने ती निपटली आणि जिभेवर, हिरड्यांवर चोळली. कडू, तेलकट. मग अंगणात गेले. आत्याने दादांच्या जुन्या धोतराचा तुकडा अंथरला होता. "थुंक," ती सुंदरला म्हणाली. सुंदर खोकून थुंकली. पांढरं, थोडं फेसाळ, बारीक तंतू असलेलं. मग मी. मी पोटातून खोकले आणि थुंकले, आणि कापडावर असा काळा डाग पडला की माय "अगं बाई" म्हणून खालीच बसली.

"ह्ये बघा!" आत्या म्हणाली. "जिच्यावर डोळा ठिवलाव ती बरीय, आन् ही चुलीम्होरं जळून चालली! कुणाचं ध्यान तरी हाय का हिच्याकडं?"

हा प्रश्न मला इतका आवडला की मला खरंच रडू आलं. दादा लाकडाच्या वखारीतून आले तेव्हा त्यांना कापड दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, अंगठ्याने डाग थोडा पुसून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. इतका वेळ ते माझ्याकडे कधीच बघत राहिले नव्हते. सुंदरकडे एकदा बघितलं. ती दाराला टेकून उभी होती. मग म्हणाले, "रखमीला ने." आणि आत गेले. सुंदरने मला तिचं चांगलं लुगडं दिलं, स्वतःहून. म्हणाली, "तिथं थंडी लई असती म्हणत्यात." दुपारी छकडा निघाला तेव्हा ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली, आणि तिथे तिला भिंत धरून थांबावं लागलं. मी तोंड फिरवून बैलांकडे बघत बसले. मला भीती होती की आत्या मागे बघेल.

वाटेत वडवणीला मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी घाट लागला. धारूरच्या हवेचं काय सांगू. सकाळी दार उघडलं की किल्ल्याचा बुरूज, त्यावरचं गवत, गवतावरची शेळी, सगळं वेगवेगळं दिसायचं. दोरीवर टाकलेलं लुगडं पांढरं असेल तर पांढरंच वाळायचं. मी चार भाकऱ्या खायला लागले. आत्याची सासू मला निरखून म्हणायची, "आजारी पोरगी ही, तर धडधाकट केवढं खात असंल!" महिन्यात माझे गाल वर आले. मी म्हशींमागे टेकडी चढायची, आणि वर पोचले तरी दम लागायचा नाही. तेव्हा मनात यायचं, की हे सुंदरचं होतं आणि आता माझं आहे. मला ते फार गोड लागायचं. संक्रांतीच्या सुमाराला बीडहून आलेल्या एका व्यापाऱ्याकडून निरोप आला, थोरली अंथरुणाला खिळली आहे. आत्या घाबरली. मला म्हणाली, "जायचं का गं तुला?" मी म्हणाले, "आजून खोकला हाय मला." आणि खोकून दाखवला.

चैत्रात आत्याने मला परत आणून सोडलं. सुंदरला आता आडवं होता येत नव्हतं. ती बाजेवर बसूनच असायची, पुढे झुकलेली, हात गुडघ्यांवर रोवलेले, आणि प्रत्येक श्वासाला तिची हाडं वर उचलली जायची. केस मायने कापून टाकले होते. घर माणसांनी भरलेलं, जो येई तो तिच्यासाठी काहीतरी आणी. माझे वर आलेले गाल कोणाला दिसले नाहीत. म्हणजे मी चार महिने खाऊनपिऊन आले तरी घरात बघण्यासारखी तीच होती. असं मला वाटलं, त्या खोलीत उभं राहून, तिचा तो श्वास ऐकत. लपवून काय करू?

दुपारी माणसं पांगल्यावर तिने मला जवळ बोलावलं. एकेक शब्दाला थांबत म्हणाली, "टेकडी चढलीस का गं?"

"व्हय."

"दम न्हाई लागला?"

"न्हाई."

"मंग सांग की. पोटभर श्वास घेतला की... कसं वाटतंय?"

ती खरंच विचारत होती, एखाद्या न चाखलेल्या पदार्थाबद्दल विचारावं तसं. मला सांगता आलं असतं. त्या गवताचा वास सांगता आला असता, वर पोचल्यावर छाती कशी भरते ते सांगता आलं असतं. मी म्हणाले, "काई न्हाई. हितल्यासारखंच हाय." तिने मान हलवली. तिला बरं वाटलं असावं, की आपलं काही फार गेलं नाही.

ज्येष्ठ लागायच्या आत सुंदर गेली. जिन तेव्हा बंद होतं, आभाळ स्वच्छ होतं. दादा तिला टेकायला पाठ देऊन बसले होते. ती गेली हे त्यांना पाठीलाच कळलं, आणि तरी ते बराच वेळ हलले नाहीत.

त्यानंतरचं आयुष्य इतरांसारखंच गेलं. माझं लग्न झालं, मुलं झाली, निजामाचं राज्य गेलं, माय गेली. दादांची छाती म्हातारपणी पार कामातून गेली तेव्हा मी त्यांना माझ्या घरी आणलं. एका दुपारी त्यांना अडुळशाचा काढा पाजत होते. ते उशांना टेकून, पुढे झुकून बसले होते, अगदी तसेच. मला ते बघवेना आणि मी बोलून टाकलं. कोनाडा, काजळी, सगळं. सांगितलं की दादा, सुंदरला मी मारलं. तुमी मला काय बोलायचं ते बोला.

दादांनी काढ्याची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"जल्मभर धुराड्यात हात घातलेल्या माणसाला दिव्याची काजळी वळखू येत न्हाई व्हय गं? बोटाला तेलकट लागली. लाकडाचा धूर तसा नसतो."

"मंग बोललाव का न्हाई?"

त्यांना दम घ्यायला वेळ लागला. "सुंदर धारूरला गेली असती तर मला करमलं नसतं," ते म्हणाले. "चार महिने घरात सुंदर न्हाई, हे मला सोसवतच न्हवतं. वाटलं, ऱ्हाईल हितंच, मी बघीन तिच्याकडं. तू आपणच जायला निघालीस. तुझ्याबिगर चालत व्हतं." आणि ते रडायला लागले, सुंदर, सुंदर म्हणत, इतक्या वर्षांनी.

मी त्यांची पाठ चोळत बसले. इतकी वर्षं जे ओझं मी एकटीने वाहिलं त्याचा अर्धा भाग त्या माणसाने आपल्या हाताने उचलून घेतला होता. मला हलकं वाटायला हवं होतं. आपल्या बापाची कीव यायला हवी होती, बहिणीसाठी ऊर फुटायला हवा होता. पण दादांच्या पाठीवर हात फिरवताना मनात आलं ते एवढंच, की मी धारूरला जिंकून गेले नव्हते. माझ्यावाचून चालत होतं म्हणून मला पाठवलं होतं. जिला पाठवलं ती जगली आणि जिच्यावाचून करमत नव्हतं ती मेली. आणि चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माझ्या बहिणीचा, त्या दुपारी, माझ्या स्वतःच्या घरात, मला इतका हेवा वाटला की माझाच श्वास अडकला.